गोड डबा नको, ओआरएसची पुडी हवी

माझी लेक दीड वर्षाची होती. पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. औषधाच्या दुकानात ‘हे ओआरएसच आहे’ असं सांगून संत्र्याच्या चवीचं गोड पेय हातात ठेवलं गेलं. तिने ते आवडीने प्यायलं आणि शी आणखीच पाण्यासारखी झाली. संध्याकाळी डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, दुपारपासून शू नाही. बालरोगतज्ज्ञांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. सलाइन लावावं लागलं.

जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून अशा पेयांनी जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, हे फार बरं झालं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली पुडीच मागून घ्या. आशाताईंकडे ती मोफत मिळते.

पुडी कालवतानाही घोळ होतो. लिटरभर पाण्याची पुडी पेल्यात थोडी थोडी टाकून देतात. मग क्षार कधी जास्त, कधी कमी. पुडीवर लिहिलंय तेवढ्या उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी पुडी एकदम घाला. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलि, तेही चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश.

अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. वरचं खाणारं मूल असेल तर मऊ वरणभात, पेज, केळं चालू ठेवा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवलं की मूल आणखी खंगतं. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना देऊच नका. बहुतेक पाणीदार जुलाबांत अँटिबायोटिकचाही उपयोग नसतो. झिंक मात्र डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या.

मूल मलूल पडलं, काही पिईना, प्यायलेलं टिकेना, शीतून रक्त आलं किंवा सहा तासांत शू झाली नाही, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा आणि वाटेतही ओआरएस पाजत राहा.