फुटाला चार सुतं

दमणच्या तटरक्षक तळावरून निघालेलं चेतक हेलिकॉप्टर झाई, बोर्डी, घोलवड करत डहाणूकडे येतं, तेव्हा जाळं विणणारा तांडेल मान वर न करता सांगतो, ‘चेतक आलं.’ आवाजावरूनच त्याला कळतं. डहाणू आणि तलासरीच्या शाळांमध्ये चित्रकला शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर या चेतकचं मॉडेल करायला घेतलं. बाजारात मिळणाऱ्या संचातून जुळवलेलं नव्हे. लाकूड, बांबू, पत्रा आणि बाटलीचं प्लास्टिक यांतून घरी घडवलेलं. या कामात हाताला आणि नजरेला जे कळलं, ते इथे लिहिते.

१. आधी यंत्राची कुंडली मांडा. चेतक हे मूळचं फ्रेंच अलुएत-३. त्याचं पहिलं उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६२ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि बंगळुरूमध्ये बांधलेली हेलिकॉप्टरं १९६५ पासून बाहेर पडू लागली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालेल्या या यंत्राचे ३०० हून अधिक नग आपल्याकडे तयार झाले. वायुदल, नौदल, भूदल, तटरक्षक दल, सगळ्यांनी ते वापरलं. म्हणून नुसतं ‘चेतक करायचं’ म्हणून भागत नाही. कोणाचं, कुठल्या काळातलं आणि कुठल्या कामावरचं, हे ठरल्याशिवाय पहिला काप घेऊ नये.

याचं सर्वांत ठळक उदाहरण १९७१ चं. त्या वर्षी सप्टेंबरात दिमापूरला बांगलादेशी वैमानिकांची ‘किलो फ्लाइट’ उभी राहिली. तिच्याकडे एक डाकोटा, एक ऑटर आणि एक अलुएत एवढंच बळ होतं. माणसं आणि सामान वाहणाऱ्या त्या साध्या हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना सात-सात रॉकेटांचे पॉड लावले, मशिनगन बसवल्या, खालून येणाऱ्या गोळ्यांपासून बचावासाठी तळाला पोलादी पत्रा जोडला. ३ डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजजवळच्या गोदनाइलच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. सांगाडा तोच, पण काम बदललं की मॉडेलही बदलतं. पॉड लावायचे तर ते धरणारे आडवे दांडे हवेत, आणि ते दांडे सांगाड्याला कुठे धरले आहेत हेही दिसायला हवं. नुसती नळकांडी चिकटवली की ती दागिन्यासारखी दिसतात.

२. माप असं निवडा, की हिशेब डोक्यात व्हावा. मी १:२४ घेतलं. म्हणजे फुटाला अर्धा इंच, सुतारी भाषेत फुटाला चार सुतं. खऱ्या हेलिकॉप्टरवरच्या तीन इंचांचं मॉडेलवर एक सूत. आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींना हे सांगितलं, तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘बाई, मग कॅल्क्युलेटर कशाला?’ चेतकच्या पंख्याचा व्यास ११.०२ मीटर, मॉडेलवर तो ४६ सेंटीमीटरच्या जरासा आत बसतो. अंगाची लांबी १०.०३ मीटर, ती ४२ सेंटीमीटरच्या आसपास येते. घरातल्या टेबलावर मावेल आणि दाराची मूठही घडवता येईल, असं हे माप आहे. १:७२ मध्ये तेच यंत्र तळहातावर मावतं. ते देखणं दिसतं. पण माझ्या वयाच्या डोळ्यांना आणि मुलांना दाखवायला मोठंच बरं.

३. लाकूड कामाप्रमाणे घ्या. अंगासाठी पांगारा: हलका, मऊ, पटाशीला लगेच वश होणारा. सावंतवाडीची खेळणी याच लाकडाची. शेपटीचा निमुळता दांडा मात्र पांगाऱ्याचा केला तर टोकाशी दबतो, तिथे सागाची कामटी. पंख्याच्या मधला गड्डा चिकूच्या फांदीचा. वाडीत छाटणी झाली की अशा फांद्या मागाव्यात, कोणी नाही म्हणत नाही. चिकूचं लाकूड जड आणि चिवट असतं. बारीक भोक पाडलं तरी कड तुटत नाही.

४. काचेचं डोकं हाच चेतकचा चेहरा. समोरून पाहिलं तर अर्धं हेलिकॉप्टर काचच आहे. ती फसली, तर मागे कितीही नक्षी करा, ओळख पटत नाही. आधी लाकडाचा साचा घडवून तो आरशासारखा घासायचा, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेवर उमटतो. दोन लिटरच्या शीतपेयाची बाटली कापून साच्यावर चढवायची आणि हॉट एअर गनने फिरत्या हाताने ऊब द्यायची. बाटलीचं प्लास्टिक आकसून साच्याला घट्ट बसतं. एकाच जागी गरम हवा धरली की तिथे ते दुधाळ होतं. काच अंगाला चिकटवताना फेविक्विक बिलकूल नको. त्याची वाफ आतून काचेवर धुक्यासारखी बसते आणि ते धुकं पुसायला आत बोट जात नाही. साधं फेविकॉल लावावं. सुकल्यावर ते पारदर्शक होतं.

५. पंख्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. हेलिकॉप्टर तिथे जगतं.

चेतकला तीन पाती. वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. अमेरिकी हेलिकॉप्टरं नेमकी उलट. पात्याची जाड, गोल कड पुढे चालते आणि पातळ कड मागे राहते. म्हणून पाती बसवण्याआधी बोटाने एकदा हवेत फिरवून बघावं, कुठली कड हवा कापणार आहे ते. थांबलेल्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने टोकाकडे खाली झुकतात. बहुतेक मॉडेलं मरतात ती याच ठिकाणी: पाती फूटपट्टीसारखी ताठ, आणि यंत्र लोखंडी खेळणं वाटतं. मी तलासरीच्या बाजारातून पिकलेला बांबू आणते, त्याची चीप तासते, मेणबत्तीवर धरून हळूहळू वाकवते आणि समोरून घेतलेल्या फोटोवर धरून तपासते. बांबूला स्वतःचा ताण असतो, त्यामुळे झुकलेलं पातं वाकवल्यासारखं दिसत नाही, भार पेलत असल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय कळतच नाही. तीन पात्यांच्या मुळाजवळ एका पात्यापासून दुसऱ्यापर्यंत बारीक केबल ताणलेल्या असतात. वरून पाहिलं तर त्यांचा त्रिकोण होतो. पाती एकमेकांपासून सारख्या अंतरावर राहावीत म्हणून ही योजना आहे. शेतपंपाच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे मिळतात. त्यातली सर्वांत बारीक घ्यावी. सैल राहिली तर सगळं गेलं, म्हणून एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला चिमट्याने हलकासा ताण आणि मगच गोंदाचा थेंब. हे काम सकाळच्या उजेडात, कोणी बोलायला नसताना करावं.

६. इंजिन उघडं आहे, ते उघडंच ठेवा. चेतकचं आर्तूस्त टर्बाइन पंख्याच्या खांबामागे झाकणाशिवाय बसलेलं आहे. नळ्या, पट्ट्या, मागे धुराडं, सगळं दिसतं. त्याची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती, पण ती ५७० च्या आसपास रोखून वापरतात. म्हणून उन्हाळ्याच्या तापल्या हवेत किंवा डोंगरावरच्या विरळ हवेतही त्याचा जोर लवकर ओसरत नाही. नळ्यांसाठी रिकाम्या रिफिली, पट्ट्यांसाठी पातळ पत्रा. धुराड्याच्या तोंडाशी तपकिरी-निळसर छटा हवी. काळा रंग फासू नये.

७. होइस्ट विसरू नका. १७५ किलोपर्यंत भार उचलणारं हे उचलयंत्र दाराच्या वर असतं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला चेतक ओळखीचं असतं ते त्याच्यामुळे. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली. मच्छीमारांनी आपल्या बोटी घालून पोरं वर काढली, तटरक्षक दलही धावून आलं, तरी काही मुली हाती लागल्या नाहीत. शाळेत आयुष्य गेलेल्या बाईला त्या दिवसानंतर होइस्टची ती बारीक तार साधी तार वाटत नाही. मॉडेलच्या हुकाजवळ मी सर्वांत बारीक कानस वापरली.

८. ऋतू बघून कामाची वाटणी करा. घडण मार्च ते मे, रंग दिवाळीनंतर. पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी दमट असते की लॅकर पांढरट पडतं आणि लाकूड फुगून सांधा उघडतो. पावसाळा चित्रं, मापं आणि वाचन यांसाठी राखावा.

९. खरं यंत्र बघायचं तर गोव्यात वास्कोजवळचं नौदल विमानन संग्रहालय गाठा. तिथे निवांत सगळ्या बाजूंनी फिरता येतं, चाकांपाशी डोकावता येतं. दमणच्या तळाच्या कुंपणाशी मात्र कॅमेरा काढू नये; संरक्षण खात्याची जागा आहे, आपली हौस तिच्यापुढे थांबते. जिथे फोटो घेता येतो तिथे पूर्ण यंत्राचे दोन-तीन पुरे, बाकी सगळे सांध्यांचे घ्या: चाकाचा दांडा अंगाला कुठे मिळतो, शेपटीच्या आडव्या पंखाला उभ्या पट्ट्या कशा जोडल्या आहेत, मागच्या पंख्याला जमिनीपासून वाचवणारी नळी कुठून वळते.

१०. मुलांच्या हाती द्या. तलासरीच्या एका शाळेत चेतक नेलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘बाई, मागचा पंखा कशाला?’ मग तिला फिरत्या खुर्चीत बसवलं, हातात सायकलचं फिरतं चाक दिलं आणि ते उजवीकडे-डावीकडे कलतं करायला सांगितलं. खुर्ची आपोआप फिरू लागली, तेव्हा वर्गाला कळलं की फिरणाऱ्या गोष्टीला हात लावला की ती आपल्यालाही फिरवते. मोठा पंखा एकीकडे फिरला की अंग दुसरीकडे वळू पाहतं आणि ते धरून ठेवायला मागचा छोटा पंखा लागतो, हे त्यानंतर फळ्यावर दोन बाणांत सांगून झालं. त्या हाताळणीत एका पात्याची केबल तुटली. घरी आल्यावर नवी लावली.

११. एक मॉडेल झालं की त्याच्या भावंडाला घ्या. माझ्या टेबलावर सध्या चीता आहे. पंखा आणि इंजिन चेतकचंच, पण अंग हलकं आणि शेपूट नळ्यांच्या उघड्या जाळीची. याच्याच फ्रेंच भावाने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटर उंची गाठली होती. पंख्याची मापं तयार आहेत, चिकूचा दुसरा गड्डाही तासून झालाय. जाळी पितळी तारेची करायची, प्रत्येक सांधा सोल्डरने जोडायचा. तार आणली आहे, आता सोल्डरिंगचं टोक बारीक घासून घ्यायचंय.