उतरंड, चुंबळ आणि अडकित्ता

अगं, वाडा पाडायच्या आधी तू आजीची भांडी मोडीत जाऊ दिली नाहीस, हे ऐकूनच माझा जीव भरून आला. आता तीन खोल्यांत ती मांडायची कशी, असं विचारलंस म्हणून सांगते.

सगळं एकदम बाहेर काढू नकोस. सदतीस नग आहेत, मी मोजलेत. दहा-बारा दर्शनी ठेव, बाकीचे फडताळात असू देत आणि सणावारी अदलाबदल कर. दिवाळीला समया आणि लामणदिवा, चैत्रगौरीला घंगाळ आणि मोठी परात. यानं प्रत्येक भांडं वर्षातून एकदा तरी हाताखालून जातं, आणि कुठे हिरवा डाग धरला असला तर तो वेळेत दिसतो.

मांडायचं कसं ते गौरीच्या आराशीवरून घे. मागे उंच, पुढे बुटकं, मधे मोकळी जागा. जागा कमीच असेल तर उतरंड रच. खाली हंडा, त्यावर कळशी, तिच्यावर तांब्या. कोपऱ्यातल्या दीड फुटात तीन पिढ्या उभ्या राहतात. दोन भांड्यांच्या मधे सुती कापडाची बारीक चुंबळ घाल, म्हणजे काठाला चरा पडत नाही आणि धक्क्यानं उतरंड डुगडुगत नाही.

तांब्याच्या हंड्यावर समोरून उजेड मारू नकोस, नुसता चकाकतो. पिवळा दिवा बाजूनं, थोडा खालून लाव. मग मठारकाम दिसेल, हातोडीचा ठोका न् ठोका. पुण्याच्या तांबट आळीत तांबट दिवसभर बसून जे ठोके घालायचे, ते दिसावेत एवढ्यासाठी एक दिवा नक्की खर्च कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक भांडं घासण्याआधी उजेडात फिरवून बघ. काठाखाली किंवा बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं असतात: कुणाला, कुणाकडून, कुठल्या लग्नात, कधीकधी तारीखसुद्धा. आजीच्या पितळी डब्यावर तिच्या मामाचं नाव होतं. मी वीस वर्षं तो काथ्यानं आणि राखेनं घासला, लख्ख राहावा म्हणून. आज बोट फिरवलं तर नुसता खरखरीतपणा लागतो, नाव वाचता येत नाही. ती चूक तू करू नकोस. कोरलेल्या जागी चिंचेचं पाणी मऊ फडक्यानं लाव, चोळू नकोस. लगेच साध्या पाण्यानं धू, कोरडं पूस आणि थोडा वेळ उन्हात ठेव; आंबट राहिलं तर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके येतात. मांडताना फडक्यानं धर, घामेजल्या बोटांचे ठसे पितळेवर बसतात. आणि आत एक चिठ्ठी घाल: भांडं कुणाचं, कुठून आलं, कशासाठी वापरायचे. चिकटपट्टी लावू नकोस, दोऱ्यानं बांध.

घरातली रोजची वस्तूसुद्धा जपण्यासारखी असते, हे मला बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात कळलं. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत, आणि त्यांत अडकित्ते, वज्र्या, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी. एकदा लेकीला घेऊन जा. एका जातीच्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवल्या की डोळा फरक शोधायला लागतो. तुझ्याकडे पाच अडकित्ते आहेत ना, ते खोल्याखोल्यांत विखरू नकोस. एका पाटावर गडद खण अंथर आणि ओळीनं ठेव.

आजोबांचे फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर नकोत. उन्हानं उडालेला रंग परत येत नाही. चांगली प्रत काढून ती भिंतीवर लाव, मूळ फोटो कपाटात ठेव. चौकटीत फोटो काचेला टेकू देऊ नकोस, पावसाळ्यात चिकटतो. चिकटलेलाच असेल तर ओढू नकोस, काचेसकट स्कॅन करून घे. १९४३ ते ४७ मधले भोकाचे पैसे डबीत आहेत, ते घासूबिसू नकोस. काळ्या कापडावर काचेखाली ठेवलेस की मधलं भोक छान उठून दिसतं.

लामणदिव्याचा हूक स्लॅबमध्येच बसव, पीओपीच्या छतात नको. साखळीसकट वजन बरंच होतं. घंगाळात झाड लावायचं तर कुंडीसकट आत ठेव, ओली माती धातूला लागू देऊ नकोस. आणि कुणी कितीही हौसेनं सांगितलं तरी कळशीला भोक पाडून तिचा टेबललॅम्प करू नकोस. मला ते बघवत नाही.

अमेरिकेतला तुझा भाऊ हस्तलिखित पोथी मागतोय म्हणे. ती त्याच्या सामानात घालू नकोस. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावशेष ठरू शकते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षंच पुरतात, आणि पुरावशेष परदेशी न्यायला बंदी आहे. आधी जाणकाराला दाखव. तोवर त्याला पानापानाचे फोटो पाठव.

पानाचा डबा मात्र काचेत कोंडू नकोस. बैठकीत चौरंगावर ठेव, आत सुपारी, कात, लवंग खरी असू दे. आजीचा अडकित्ता त्यातच राहू दे. महिन्यातून एकदा त्याच्या खिळीत खोबरेलाचा थेंब सोड. लेकीला तो हाताळू दे, पण आधी तिला पातं मिटवायला शिकव, बोटं मागे ठेवून.