भजनी मंडळींत नवा गळा

(वाचावें: 1 इतिहास 25:1-8)

दावीद राजाच्या काळीं परमेश्वराच्या गायनसेवेंत निपुण असे 288 जण होते. त्यांच्या सेवेच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान-थोर, गुरु-शिष्य असा भेद तेथें पाहिला नाहीं. हा शिष्य कोण? नुकताच गाऊं लागलेला कोणी असावा, असें आम्हांस वाटतें.

नवापूर, अक्कलकुवा, धडगांव या बाजूच्या मंडळ्यांत असा शिष्य बहुधा दाराजवळ बसतो. घरची बोली मावची, भिली किंवा पावरी. ‘उपासना संगीत’ मात्र मराठी. पुस्तक हातीं दिलें तर तो तें मिटून ठेवितो, आणि आपण म्हणतों, याला गळा नाहीं! लग्नघरीं रात्रभर गाणारा तोच ना? तो अडतो शब्दांपाशीं.

पौल तर आत्म्यानें गावें आणि बुद्धीनेंहि गावें असें सांगतो (1 करिंथ 14:15). म्हणून प्रचारकांनीं पेटी उघडण्यापूर्वीं कडव्याचा अर्थ त्याच्या बोलींत सांगावा. मग एकेक ओळ आपण म्हणावी, ती त्यानें मागून म्हणावी. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं (1861-1919) अभंग-ओव्यांच्या चालीवर ख्रिस्ती पदें रचिलीं. वाचतां न येणाऱ्यासहि तीं ऐकून पाठ होतात. त्यांपासून आरंभ करावा.

नवशिक्यानेंहि लागलीच झांज मागूं नये. शेजाऱ्याचा सूर ऐकावा, हळू गावें. चुकल्यास त्याला सर्वांदेखत थांबवूं नये. एका तरुणास आम्हीं तसें थांबविलें होतें. तो अजून उपासनेस येतो, पण गीत सुरू झालें कीं बाहेर जाऊन उभा राहतो.