जुन्या सायकलीला नवा ब्रेक : आधी रिम पाहा

अमरावती-अकोल्याच्या सायकल दुकानात गिऱ्हाईक वडिलांच्या वेळची ॲटलस नाहीतर रॅले घेऊन येते आणि सळ्यांचा ब्रेक काढून केबलचा नवा ब्रेक बसवून मागते. काम लहान दिसते. पण ब्रेक बसणे वेगळे आणि लागणे वेगळे, म्हणून आमच्या कारागीर बांधवांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सळ्यांच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, हबच्या बाजूने, धरते. नवा कॅलिपर ब्रेक रिमच्या दोन्ही बाजू दाबतो. जुन्या रिमच्या बाजू गोलसर असतात, तेथे नव्या रबराला सपाट जागाच मिळत नाही. शिवाय रिम क्रोम केलेली लोखंडी. पावसात ओली झाली की ब्रेक फार उशिरा धरतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरणाऱ्याला हे सांगायला नको.

आमच्या मते पुढचे चाक तेवढे बदलावे. वेगात ब्रेक दाबला की वजन पुढे येते आणि थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. जुन्या सायकलीत बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. ३२ भोकांची ७०० सी ॲल्युमिनियम रिम घेतली तर जुना हब कामी येतो. स्पोक, टायर, ट्यूब मात्र नव्या मापाचे लागतात. मागे ४० भोकांची अशी रिम शोधत बसण्यापेक्षा सळ्यांचा ब्रेकच राहू द्यावा.

दीड इंची टायरच्या जुन्या २८ इंची रिमवर टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, ७०० सी चा ६२२. म्हणजे रबर साडेसहा मिलिमीटर आणखी खाली पोचले पाहिजे. ब्रेक विकत घेण्यापूर्वी चाक चढवावे आणि चिमट्याच्या भोकापासून रिमच्या सपाट कडेपर्यंत माप घ्यावे. रेसिंग सायकलीचा आखूड ब्रेक येथे पुरत नाही. लांब बोल्टचा, साध्या नटचा ब्रेक मिळाला तर भोक मोठे करावे लागत नाही.

चिमट्याला गॅस वेल्डिंगने पट्टी जोडणे मात्र आम्हाला मान्य नाही. नळ्यांचे सांधे पितळेने झाळलेले असतात, उष्णतेने ते कमजोर होतात. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

सायकल देण्यापूर्वी रिमवर पाणी ओतून ब्रेक तपासावा. काढलेल्या सळ्या बांधून गिऱ्हाईकाला परत द्याव्यात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० सालीच बंद पडला आहे. चाक भरण्याची आणि आऊट काढण्याची मजुरी आधीच वेगळी सांगावी.