उसवलेले सूत

सूरह नहलच्या ९२व्या आयतीत एका स्त्रीचा दृष्टांत आला आहे. कष्टाने कातलेले, पक्का पीळ बसलेले सूत तिने आपल्याच हाताने उकलून टाकले. तिच्यासारखे होऊ नका, अशी ताकीद तेथे आहे. मक्केत अशी एक स्त्री खरोखरच होती, असे काही भाष्यकार सांगतात. मुजाहिद व कतादा यांच्या मते मात्र हे करारभंग करणाऱ्याचे उदाहरण होय, आणि इब्ने कसीर यांनीही याच मताला झुकते माप दिले. आधीची आयत वचनपूर्तीचीच असल्याने मलाही तेच पटते.

वाचकहो, आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाने हीच आयत माझ्यापुढे ढाल म्हणून धरली. वारशाच्या वादात त्याने बहिणीच्या घरी पाऊल न ठेवण्याची अल्लाहची शपथ घेतली होती. "इमामसाहेब, शपथ मोडली तर मी त्या बाईसारखाच ठरेन ना?"

त्याची आई ओसरीवर नातवाला आखूड झालेला स्वेटर उसवत बसली होती. प्रथम तिने बाजूची शिवण उलगडली, मग विणकाम जेथे संपले होते त्या टोकाची गाठ शोधली. सुरुवातीच्या टोकाकडून ओढले तर धागा सरळ सुटत नाही, टाक्यांत अडकतो. निघालेली लोकर ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळीत होती. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवायची, सावलीत वाळवायची, म्हणजे टाक्यांची वळणे निघून जातात. लोकर आटून घट्ट झालेली असेल, तर मात्र ती उसवतच नाही, असे तिने सांगितले.

आयतीतील शब्द येथे पाहण्याजोगा आहे. 'अन्कास' हे 'निक्स' या शब्दाचे अनेकवचन. जुन्या, जीर्ण लोकरी वस्त्रातून उकलून पुन्हा कातण्यासाठी काढलेल्या धाग्यालाही अरब निक्स म्हणत. म्हणजे उसवणे हा मूळचा गुन्हा नव्हे. त्या स्त्रीने धडधाकट सूत विनाकारण मोडले, हा तिचा दोष. आयतही पुढे अशांनाच दटावते, जे शपथांना परस्परांच्या फसवणुकीचे साधन करतात.

नाते तोडण्याची शपथ हे धडधाकट सूत कसे म्हणावे? सूरह बकराच्या २२४व्या आयतीत तर सत्कर्म आणि लोकांमधील समेट यांच्या आड अल्लाहच्या नावाची शपथ आणू नका, असेच बजावले आहे. शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट अधिक चांगली दिसली, तर तीच करावी व शपथेचे प्रायश्चित्त द्यावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. हे प्रायश्चित्त, म्हणजे कफ्फारा, सूरह माइदाच्या ८९व्या आयतीत सांगितला आहे: दहा गरिबांना जेवण, अथवा त्यांना वस्त्रे, अथवा गुलामाची मुक्ती, यांपैकी काहीच शक्य नसेल तर तीन रोजे. जेवणही आपल्या घरी नित्य शिजते त्या मध्यम प्रतीचे हवे, उरलेसुरले नव्हे.

बहिणीचा वाटा हा तर शपथेचा विषयच नाही. तो सूरह निसाने ठरवून दिला आहे, आणि तो कोणत्याही कफ्फाऱ्याने फिटत नाही. हे ऐकून तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "आधी कुठे जाऊ, तहसील कचेरीत की तिच्याकडे?" आईने गुंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "तिच्याकडे. मी पण येते."