पाळण्यांत दिसलेले पाय

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण आपल्या खानदेशांत घरोघर ऐकूं येते. पहिल्या इयत्तेंत पाढे बिनचूक म्हणणाऱ्या मुलाविषयीं ती बोलली जाते, आणि शालेय सामन्यांत शतक काढणाऱ्या मुलाविषयींहि. ती खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. पाय दिसतात खरे. परंतु ते पुढें कोणत्या वाटेनें व किती दूर चालतील, हें पाळण्यांत दिसत नाहीं. विद्यार्थीमित्रहो, ज्याच्याविषयीं सर्वांनीं मोठी आशा धरली, तोच पुढें मागें कां पडतो, याचा आज थोडा विचार करूं. उदाहरण आपल्या मुंबईचेंच घेतों.

फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर हॅरिस ढालीचा उपान्त्य सामना चालू होता. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनीं सेंट झेवियर शाळेविरुद्ध तिसरा गडी बाद न होऊं देतां ६६४ धावांची भर घातली. एक सोळा वर्षांचा, दुसऱ्यास पंधरावें अद्याप पुरें झालेलें नव्हतें. धाकटा सचिन तेंडुलकर, नाबाद ३२६; थोरला विनोद कांबळी, नाबाद ३४९. दोघेहि रमाकांत आचरेकर यांचे शिष्य. त्या दिवशीं आकड्यांत थोरलाच पुढें होता, हें आज पुष्कळांच्या ध्यानांत नाहीं.

बरें, कांबळीचे पाय केवळ पाळण्यांतच दिसले असेंहि नव्हे. १८ जानेवारी १९९३ रोजीं, आपल्या एकविसाव्या वाढदिवशीं, त्यानें जयपूर येथें इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यांत शतक केलें. त्याच महिन्यांत तो पहिली कसोटी खेळला. फेब्रुवारींत वानखेडे मैदानावर २२४, मार्चमध्यें दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७, आणि त्याच वर्षीं श्रीलंकेंत आणखी दोन शतकें. पहिल्या सात कसोट्यांत चार शतकें! तेंडुलकरची सुरुवात याहून पुष्कळ मंद होती. १९८९ सालीं कराचीस पहिल्या डावांत त्याच्या पंधरा धावा झाल्या. सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर बसून रक्त आलें. पहिलें शतक नवव्या कसोटींत, ऑगस्ट १९९० मध्यें मँचेस्टरला झालें.

येथें वाचकानें क्षणभर थांबावें. दोघांचा गुरु एक, मैदान एक, आणि आरंभीं यश कांबळीच्याच पदरांत अधिक. मग उलटें कां झालें?

१९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ आपल्या देशांत आला. कोर्टनी वॉल्श आणि केनेथ बेंजामिन यांनीं आखूड टप्प्याचे, छातीपर्यंत उसळणारे चेंडू टाकून कांबळीची परीक्षा घेतली. तीन कसोट्यांत मिळून त्याच्या शंभर धावाहि झाल्या नाहींत. नोव्हेंबर १९९५ मध्यें तो शेवटची कसोटी खेळला तेव्हां त्याचें वय तेवीस वर्षांचें होतें. एकदिवसीय सामन्यांत तो २००० सालापर्यंत आंत-बाहेर होत राहिला; कसोटीचें दार मात्र पुन्हां उघडलें नाहीं.

त्याच्या राहणीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; तें मी येथें उगाळीत नाहीं. सतरा कसोट्यांत १०८४ धावा आणि ५४.२० ची सरासरी असलेल्या खेळाडूस आणखी संधि द्यावयास हवी होती असें म्हणणारे जाणकार आहेत, व त्यांचें म्हणणें खोडून काढणें सोपें नाहीं. ही सरासरी दुसऱ्या कोणाची असती तर आपण तिला अपयश म्हटलें असतें काय? ६६४ धावांतील दुसरा जोडीदार समोर उभा आहे, म्हणूनच पहिला आपणांस खुजा दिसतो.

तरीहि मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उसळत्या चेंडूचा प्रश्न तेंडुलकरला सोळाव्या वर्षीं पडला. त्या वयांत चुकणें लोक क्षम्य मानतात. कांबळीला तो त्याच कठोरपणें पडला तेव्हां दोन द्विशतकें त्याच्या नांवावर होतीं, आणि सारा देश पाहत होता. शिकावयाचें तेंच, परंतु शिकण्यास सवड उरली नव्हती. त्याचें कसब आटलें असेंहि नाहीं. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यानें जवळजवळ दहा हजार धावा साठाच्या सरासरीनें काढल्या.

हें क्रिकेटांतच घडतें असें नाहीं. अमेरिकेंत त्यांच्या तऱ्हेचा एक फुटबॉल आहे. त्यांत चेंडू हातानें फेकतात, आणि फेकणाऱ्या मुख्य गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. धंदेवाईक संघ दर वर्षीं कॉलेजांतील खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. १९९८ सालीं पेटन मॅनिंगची निवड पहिली झाली, रायन लीफची दुसरी. लीफच सरस असें मानणारेहि होते. मॅनिंगनें मोठी कीर्ति मिळविली. लीफ मात्र २००२ साल संपण्यापूर्वींच खेळांतून बाहेर पडला. उलट २००० सालीं टॉम ब्रेडी यास १९९ वा क्रमांक मिळाला, आणि त्याच्या संघांनीं पुढें सात वेळां सर्वोच्च विजेतेपद पटकाविलें. निवडणारांनीं उंची मोजली, वेग मोजला, हाताचा जोर मोजला. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांसमोर, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेकावा हें ठरविणारें मन मात्र तराजूंत घालतां येत नाहीं.

कापूस पिकविणाऱ्या घरांतील मुलांना हें नवें वाटूं नये. झाड कमरेएवढें, डोळ्यांत भरण्याजोगें वाढतें, आणि मग पातेगळ होते. शेतकरी त्या झाडाला नांवें ठेवीत नाहीं. पाणी केव्हां तुटलें, केव्हां अधिक झालें, हें तो आठवून पाहतो.

आतां थोडें स्वतःविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं गिरणाकांठच्या एका शेतकऱ्याचा मुलगा माझ्या वर्गांत सतत पहिला येई. त्याच्या वडिलांना मीं हीच म्हण मोठ्या कौतुकानें ऐकविली होती. शालान्त परीक्षेनंतर तो पुण्यास गेला, पहिल्याच वर्षीं दोन विषयांत नापास झाला, आणि लाजेनें सुट्टींतहि घरीं येईना. दहा वर्षांत त्याला न येणारें गणित मीं एकदांहि त्याच्यापुढें ठेवलें नव्हतें.

यंदा तेच गृहस्थ धाकट्या मुलास घेऊन आले. "सर, याचे पाय दिसतात का?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "भाऊ, याला कोणतीं गणितें येत नाहींत, तें सांगा." तें त्यांना ठाऊक नव्हतें. मुलाच्या दप्तरांतून वही काढून घेतली, आणि आम्ही तिघे चुकलेलीं गणितें पाहत बसलों.