कोरडवाहू अंगणातील पिवळी बाग

चि. सौ. ताई हिस,


तुझे पत्र पावले. नव्या घराच्या दक्षिणेकडील अंगणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असते, विंधण विहिरीचे पाणी फाल्गुनातच खोल जाते आणि नळाला काही दिवसांआड पाणी येते, अशा जागी पिवळ्या फुलांची बाग करावी असा तुझा मनोदय आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. सोबत तू रोपवाटिकेतून आणलेली यादी जोडली आहेस. तीतील शेवंती, पिवळा गुलाब आणि सोनटक्का ही तीन नावे मी प्रथम खोडून टाकली आहेत. ती झाडे वाईट आहेत म्हणून नव्हे, तर ती बागाईत जमिनीची आहेत आणि तुझे अंगण जिराईत आहे म्हणून. यादीत कोणीतरी सोनकीही सुचविलेली दिसते; परंतु ती सह्याद्रीच्या ओल्या कड्यांची राणी आहे, तिचा हंगाम त्या ओलीबरोबर येतो आणि ओलीबरोबरच सरतो, म्हणून तिला सोलापुरास बोलावू नये.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातही सर्वांत जोराचा महिना बहुधा सप्टेंबर असतो, ही गोष्ट बाग आखण्यापूर्वी नीट ध्यानात घे. कारण आषाढ-श्रावणात ढग नुसते हुलकावणी देऊन जातात आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावरच येथील वर्षभराची भिस्त असते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारी हीच ओल जमिनीतून खेचून घेत हिवाळाभर वाढते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. जी झाडे अशी मुळांच्या जोरावर जगतात, त्यांचीच निवड तू करावीस आणि मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागावेस, एवढेच या पत्राचे सार आहे. बाकीचा सारा तपशील त्यातून आपोआप निघतो.

सर्वांत आधी तरवड लाव. माळरानावर, ओढ्याच्या काठाने, सडकेच्या कडेला कोणी न लावता वाढणाऱ्या या झुडपाकडे लोक तुच्छतेने पाहतात. परंतु पुरुषभर उंचीचे ते झुडूप, वर्षातील बहुतेक महिने गर्द पिवळ्या घोसांनी लवलेले, आणि त्याखाली संयुक्त पानांची हिरवी छाया, अशी बाग तुला कोणतीही रोपवाटिका विकत देऊ शकणार नाही. नवरात्रात आपल्याकडे घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालण्याची पद्धत आहे. तेलंगणात बतुकम्माच्या रचनेत याच फुलांना मान असतो आणि त्या राज्याने तर तरवडाच्या फुलालाच राज्यपुष्पाचा दर्जा दिला आहे. याच्या सालीने कातडी कमावण्याचा व्यवसाय दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गुरे याला सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे कुंपण पुरे होईपर्यंतही तुझी झाडे सुरक्षित राहतील.

सकाळी ऊन तापण्यापूर्वी कधी तरवडाजवळ क्षणभर उभी राहा आणि मोठा काळा भुंगा फुलावर बसताना नीट पाहा. या फुलात मध नाही. त्याच्या परागकोशांच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे असतात आणि पराग आत दडलेला असतो. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडफडवता अंगाचे स्नायू थरथरवतो, त्याचा आवाज एकाएकी उंच व बारीक होतो, आणि त्या कंपाने छिद्रांतून परागाची भुकटी त्याच्या पोटावर उडते. काही केसर लहान व काही लांब असतात. लहानांतील पराग त्याच्या खाण्याकरिता आणि लांबांतील पराग दुसऱ्या फुलाकडे पोचविण्याकरिता, अशी निसर्गाची वाटणी आहे. हा व्यवहार ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिला, त्याच्या हातून बागेत औषधाचा फवारा सहजासहजी मारला जाणार नाही. आणि पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तरी तू तो मारू नयेस, कारण फिकट पांढरट फुलपाखरे याच पानांवर वाढतात आणि खाल्लेली पाने झाड पुन्हा धरते.

कुंपणाच्या आतल्या बाजूस पिवळी कोरांटी लाव. तिला काटे असतात, ती कमरेपर्यंत वाढते, दिवाळीच्या सुमारास तिच्यावर केशरी छटेची पिवळी फुले येतात आणि एकदा रुजली की ती फारशी कुरकुर करीत नाही. पायरीजवळ दगडांच्या सांदीत कोरफड असू दे. ती पानांवरील छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते म्हणून तिचे पाणी उन्हात उडून जात नाही, आणि उन्हाळा तोंडावर आला की तिच्या दांड्यांवर पिवळी नळीसारखी फुले लागतात, ती शिंजिरांना अतिशय प्रिय असतात. टेकोमाच्या पिवळ्या घंटाही तुला शोभतील. मात्र ते झाड परदेशातून, अमेरिका खंडातून आलेले असून त्याचे पंखधारी बी वाऱ्याने दूर जाते, म्हणून शेंगा वाळण्याआधी छाटून टाकण्याचा शिरस्ता ठेव.

बिट्टीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. ती उन्हात उत्तम फुलते, अवर्षण सहन करते आणि सर्वत्र मिळते, हे सर्व खरे. तथापि तिचे सर्वांग विषारी असून बियांतील विष थेट हृदयावर परिणाम करते, आणि घरात लहान मुले रांगत असताना ते हिरवे फळ त्यांच्या हाती लागण्याची शक्यता कोणत्याही सौंदर्याच्या मोबदल्यात मान्य करण्याजोगी नाही. मुले मोठी होईपर्यंत तिला रजा द्यावी.

आता मशागतीविषयी. काळी माती ओल धरते, परंतु पावसाळ्यात चिखल होऊन मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळे तोडते; म्हणून पाया खणताना निघालेला मुरूम तू फेकून दिला नसशील तर तोच वाफ्यांत मिसळून वाफे वीतभर उंच कर. चैत्र-वैशाखात दीड-दोन हात खोल खड्डे खणून उन्हाने तापू दे; त्यांत मुरूम, माती आणि अगदी थोडे कुजलेले शेणखत घाल. खत जास्त झाले की पाने फोफावतात आणि फुले रुसतात, हे तरवडाच्या बाबतीत तर विशेषच. त्याचे बी टणक कवचाचे असते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजत ठेव आणि मृगाच्या पावसावर थेट खड्ड्यातच टोक, कारण त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि रोप उशिरा उपटून लावल्यास ते दुखावते. कोरांटीच्या काड्या व टेकोमाची रोपे मात्र उत्तरा-हस्ताच्या पावसात लाव, म्हणजे हिवाळाभर मुळे पसरतील आणि पहिल्या उन्हाळ्याला ती तयार असतील.

पहिले वर्ष हे या बागेचे सर्वांत नाजूक वर्ष आहे, आणि याच वर्षी बहुतेक लोक मायेपोटी झाडांचे नुकसान करतात. रोज सायंकाळी झारीने वरवर शिंपडलेले पाणी मुळांना वरच्याच थरात रेंगाळायला शिकवते, आणि मग एखादा आठवडा पाणी चुकताच तीच झाडे माना टाकतात. याउलट आठ-दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर आणि खोल पाणी दिले, की मुळे ओलीचा पाठलाग करीत खाली जातात. प्रत्येक खड्ड्याशेजारी भाजलेले पण रोगण न केलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, त्यावर झाकण ठेवशील तर पाणी पाझरत राहील आणि वाफेने उडणार नाही. बुंध्याभोवती ज्वारीच्या धाटांचा किंवा पाचोळ्याचा थर असावा, मात्र तो खोडाला भिडता कामा नये. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मडकी रिकामी ठेवायला लाग. पाने थोडी गळली, झाड थोडे बारकावले, तरी घाबरू नकोस, पाणी घेऊन धावू नकोस. ज्येष्ठात विरळ दिसणारे तरवडाचे झाड पहिल्या सरीला पुन्हा पालवते.

फुलांचा मोठा बहर ओसरल्यावर फांद्यांचा तिसरा हिस्सा छाटून घे. नव्या फुटीवरच नवे घोस येतात. त्याहून अधिक कात्री चालवू नये.

घरामागील ओढ्यावरील तरवडाच्या वाळल्या शेंगांतून काढलेले बी या पत्रासोबत पाठवीत आहे. अंगणाचा नकाशा, खड्ड्यांची ठिकाणे आणि पश्चिमेकडील भिंतीची सावली कोठवर पडते याची नोंद करून मला लवकर कळव, म्हणजे कोणते झाड कोठे लावावे याची तजवीज मृगापूर्वी करता येईल. जावईबापूंना नमस्कार व मुलांना आशीर्वाद सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका